बोरगावच्या संत्र्याची साल

बोरगाव म्हटलं, की आपल्याकडच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे निपाणीजवळचं बोरगाव येतं. हे ते नव्हे. हे बोरगाव मध्य प्रदेशात, सौंसर तालुक्यात आहे. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं, सावनेर मागे पडलं, महाराष्ट्राची हद्द संपली, की थोड्या वेळात ते येतं. एका बाजूला कारखान्यांचं आवार आहे. १९९१ पासूनची रेमंडची कापडगिरणी तिथलीच. आवार संपलं, की संत्र्याचे बगीचे सुरू होतात. वडील रेल्वेत होते, त्यांची शेवटची बदली नागपूरला झाली आणि तिथूनच माझ्या ताईचं लग्न या गावात जमलं. तेव्हापासून दरवर्षी डिसेंबरात आमच्या घरी संत्र्यांची एक पेटी येते.

आपल्याला त्या भागाबद्दल आपुलकी वाटावी असं आणखी एक कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जी रेघ बेळगाव-निपाणीच्या डोक्यावरून गेली, तिचीच बहीण तिकडे सौंसर-पांढुर्ण्याच्या पायथ्याशी ओढली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, हे दोन तालुके मात्र मध्य प्रदेशातच राहिले. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. आपल्याकडे घरात मराठी आणि कचेरीत कन्नड, तसंच. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, एवढाच काय तो बदल.

असो. विषय संत्र्याच्या सालीचा आहे आणि तो माझ्या घरात आला तो माझ्या भाच्यामुळे.

ताईचा मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि नोकरी शोधत शोधत गोव्याला एका डिस्टिलरीत लागला. तिथे जिन बनते. आंबोली घाट चढून आला, की आमचं घर त्याला वाटेवरच पडतं. मागच्या मे महिन्यात तो आला तेव्हा त्याच्या पिशवीतून सात-आठ मलमलच्या पुरचुंड्या निघाल्या. बाटली नव्हती. राज्याची हद्द ओलांडून दारू आणायला परवाना लागतो, आणि आमच्या घराचा उंबरठा ओलांडायला त्याहून मोठा लागतो, हे त्याला ठाऊक आहे.

त्याने पुरचुंड्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाला, "मावशी, डोळे मिटून ओळख."

धणे ओळखले. जायपत्री ओळखली, दालचिनी आणि ज्येष्ठमधही. कंकोळ मात्र सासूबाईंनी ओळखलं. त्यांच्या लहानपणी ते विड्यात असायचं. एक सुकलेलं मूळ कुणालाच ओळखता आलं नाही. ते अँजेलिकाचं, म्हणजे धण्याच्याच कुळातल्या एका झाडाचं निघालं. शेवटच्या पुरचुंडीत काळसर निळे, वाटाण्याएवढे दाणे होते. चुरडले, तर देवदाराच्या फळीसारखा वास आला. हे ज्युनिपर. याच्याशिवाय जिनला जिन म्हणताच येत नाही. आपल्या आयुर्वेदात याचं नाव हपुषा आणि काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर. गोव्यातल्या एका कंपनीने २०१८ मध्ये हिमालयातलं ज्युनिपर वापरून जिन काढली, तिचं नावच 'हपुसा' ठेवलं आहे.

"हा तर मसाल्याचा डबा झाला," माझी मुलगी म्हणाली. मलाही तेच वाटलं. विलायती दारू, विलायती दारू म्हणून जिच्याकडे आपण लांबून बघतो, तिच्यात घातलेलं निम्मं सामान आपल्या फडताळात असतं.

आणि मग त्याने आमच्याच टोपलीतलं एक फळ उचललं, सोललं, फोडी मुलीला दिल्या आणि साल स्वतःकडे ठेवली. "आमच्या कामाची ही," तो म्हणाला. "फोडी नाहीत."

हे ऐकून सासूबाई हसल्या. त्यांचं माहेर शिवमोग्ग्याकडचं. मी लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्या हिवाळ्यात सालीचा ढीग केराच्या डब्यात टाकायला निघाले होते, तेव्हा स्वयंपाकघरातून हाक आली होती: "सिप्पे बिसाडबेडम्मा!" त्या दिवशी मला कित्तळे सिप्पे गोज्जू पहिल्यांदा कळलं. साल बारीक चिरायची, तेलात मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीवर चांगली परतायची, चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, हळद आणि थोडी तिळाची पूड घालून दाट होईतो शिजवायची. कडू, आंबट, गोड, तिखट सगळं एका चमच्यात. आमच्या माहेरी साल फार तर वाळवून उटण्यात पडायची. चव फळात असते, असंच आम्ही मराठी माणसं धरून चाललो होतो. कन्नड घरांना ती सालीत असते हे आधीपासून माहीत आहे.

शास्त्रही तेच सांगतं. संत्र्याच्या फोडीत साखर, आंबटपणा आणि पाणी असतं. संत्र्याचा म्हणून जो वास आहे तो मुख्यतः सालीच्या वरच्या केशरी थरात, डोळ्यांना दिसतील अशा बारीक बारीक तेलाच्या पिशव्यांत असतो. साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवर पिळली तर चर्रकन ठिणग्या उडतात, तो पोरांचा खेळ म्हणजे हेच तेल जळणं. त्यातला मोठा घटक लिमोनिन. मोसंबीच्या सालीच्या तेलात तो नव्वद टक्क्यांहून जास्त असतो. संत्र्यात थोडा कमी, पण संत्र्यात अगदी अल्प प्रमाणात दुसरे काही घटक असतात आणि त्यांच्यामुळेच डोळे मिटूनही आपण मोसंबी आणि संत्रं वेगळं ओळखतो. केशरी थराखालचा पांढरा दोरेदार भाग मात्र कडू. जिनवाले तो खरवडून टाकतात. गोज्जू करणाऱ्या बायका थोडा ठेवतात.

आता जिन बनते कशी, ते थोडक्यात सांगते. सांगते म्हणजे करून बघा असं नव्हे. घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे, हे महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईने वेगळं सांगायला नको.

आधी लागतो धान्याचा किंवा मळीचा शुद्ध मद्यार्क, ज्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. त्यात ज्युनिपर, धणे, मुळं, साली भिजत घालतात आणि तांब्याच्या भांड्यातून पुन्हा उकळून, वाफ थंड करून घेतात. लंडनची बीफईटर जिन बनवताना हे सामान चोवीस तास भिजू देतात. त्यात लिंबाची आणि सेव्हिलच्या कडू संत्र्याची साल असते. काही ठिकाणी सामान भिजवत नाहीत, वाफेच्या वाटेवर जाळीत ठेवतात. वाफ जाता जाता वास घेऊन जाते.

आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं, की पिणाऱ्यांचे डोळे चमकतात. जिनवाले पहिली धार बाजूला काढतात, ती पिण्याजोगी नसते. मग मधली धार सुरू होते आणि तिच्यात सर्वांत आधी येतो तो सालींचा वास, कारण ही तेलं हलकी. त्यामागून ज्युनिपर, धणे. अगदी शेवटी मुळांचा मातकट, जड वास. केव्हा धार धरायची आणि केव्हा सोडायची, ते नाकाने ठरतं. भाचा म्हणतो, तिथे काम करणाऱ्या माणसाला सर्दी झाली तर त्या दिवशी तो बिनकामाचा.

'ड्राय' म्हणजे काय, हेही मी विचारून घेतलं. ड्राय म्हणजे साखर नाही. 'लंडन ड्राय' म्हणवून घ्यायचं तर युरोपीय संघाच्या नियमाने सारा वास उकळतानाच आला पाहिजे, नंतर वरून रंग-अर्क घालता येत नाही, आणि साखर लिटरमागे एक दशांश ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे संत्र्याची चव हवी तर ती संत्र्याच्या सालीतूनच काढावी लागते, रसाने किंवा गोडीने भागत नाही. मौज अशी, की 'लंडन ड्राय' लंडनला बनण्याची अट नाही. ती कुठेही बनते. नाव गावाचं, पण गाव त्यात नाही.

आंबट फळांना पुढे ठेवणाऱ्या जिनची चाल बाहेर २००० साली निघालेल्या टँकरे नंबर टेन या जिनने बरीच रुजवली. तिच्यात ताजी संत्री, लिंबं आणि पपनसाच्या नात्यातलं ग्रेपफ्रूट सालीसकट वापरतात. आपल्याकडे गोव्यात २०१७ पासून हे पेव फुटलं. आधी 'ग्रेटर दॅन', मग २०१८ मध्ये 'स्ट्रेंजर अँड सन्स' आणि 'हपुसा', आणि नंतर मोजता येणार नाहीत इतक्या. मेघालयात तर खासी संत्र्याची साल घालून जिन काढतात आणि बाटलीवर चेरापुंजीचं नाव असतं. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

जूनमध्ये आम्ही उभयतां गोव्याला गेलो तेव्हा भाच्याने त्याच्या कामाच्या जागी नेलं. लहान कपात बोटभर जिन आणि तेवढंच पाणी. मी एक घोट घेतला, लपवून काय करायचं? जिभेवर गोडी अजिबात नाही, पण नाकात संत्रं सोलल्यासारखं झालं. मागून धणे आले. मग बराच वेळ देवळातल्या चंदनी लाकडासारखा कोरडा वास. दुसरा घोट नको वाटला, पण पहिला घेतला याचं वाईटही वाटलं नाही. ह्यांनी कप रिकामा केला. त्यावर या स्तंभात भाष्य नको.

परतीच्या वाटेवर भाच्याने त्याच्या मनातलं सांगितलं. बोरगावात संत्री आहेत. त्याच बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात धान्यापासून इथेनॉल काढणारा गुलशन पॉलिओल्सचा मोठा कारखाना आहे. तो पेट्रोलमध्ये मिसळायचा मद्यार्क काढतो हे खरं, पण धान्याचा मद्यार्क आणि संत्र्याची साल एकाच गावात, एकाच रस्त्यावर आहेत. जिनला आणखी काय लागतं? ज्युनिपर बाहेरून येईल, तो गोव्यालाही बाहेरूनच येतो. बाबांच्या बगीच्यातलं बारीक, डागाळलेलं फळ व्यापारी घेत नाही, त्याची साल तरी विकली जाईल.

पोरगं उगाच बोलत नव्हतं. संत्र्याच्या शेतकऱ्याचे हाल मी ताईच्या घरी बघत आले आहे. झाडाला उन्हात ताण द्यायचा, पाणी तोडायचं, मग बहार धरायचा. अंबियाचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत, फळ दिवाळीपासून पुढे. मृगाचा फुलोरा पावसाच्या तोंडाशी, फळ फेब्रुवारी-मार्चात. मध्येच गारपीट, मध्येच फळगळ, मध्येच कोळशी. बगीचा उभा असतानाच व्यापारी ठोक भावात सौदा करतो आणि तोडणीच्या वेळी बारीक फळ मागे टाकून जातो. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक, त्यांनी २०१९ नंतर टप्प्याटप्प्याने आयात शुल्क एवढं वाढवलं, की तिकडची वाट आखडली.

म्हणून आम्ही घरी येऊन हिशेब मांडला. भाच्याने आकडे दिले, मी स्वयंपाकघरातला काटा घेतला. एका संत्र्याची साल वाळून आठ ग्रॅमच्या आसपास भरली. एक लिटर साध्या जिनला ज्युनिपर दहा ते वीस ग्रॅम, धणे त्याच्या निम्मे आणि साल फक्त एक-दोन ग्रॅम लागते. संत्र्याची म्हणून मिरवायची जिन असली तरी पाच ग्रॅम धरू. चांगल्या झाडाला साडेसातशे फळं धरली, तर एका झाडाची वाळलेली साल सहा किलो. सहा किलोत बाराशे लिटर जिन. बाराशे लिटर म्हणजे पाऊण लिटरच्या सोळाशे बाटल्या.

एका झाडाच्या! दाजींची झाडं सहाशे आहेत. म्हणजे साडेनऊ लाखांवर बाटल्या, आणि ती गावातली एकच बाग.

आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. साल एवढी गुणाची आहे, की तिची गरजच पडत नाही. जिन कितीही खपली तरी बोरगावच्या ढिगातून ती चार पोत्यांवर उचलणार नाही. वजनावर विकायची तर साल तेल काढणाऱ्यांना द्यावी. साबण, उदबत्ती, गोळ्या-पेपरमिंट, फरशी पुसायचं औषध, सगळ्यांत ते तेल जातं. पण तो भाव किलोचा झाला. जिनकडून मिळण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे बाटलीवर गावाचं नाव.

सौंसरच्या संत्र्याला स्वतःचं नाव कधी चिकटलंच नाही. माल नागपूरच्या कळमना बाजारात उतरला, की तो नागपुरी. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या कोडगूच्या कित्तळ्याला ते त्याच्या कितीतरी आधी मिळालेलं आहे. 'लंडन ड्राय'मध्ये लंडन नसलं तरी चालतं, आणि बोरगावच्या संत्र्यात बोरगाव असूनही ते कुठे लिहिलेलं नसतं. सीमेवरच्या माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको. चेरापुंजीचं नाव बाटलीवर चढलं, मग सौंसरचं का नको? भाच्याचं म्हणणं शेवटी एवढ्यावर येऊन थांबलं.

डिसेंबरात महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर गाठलं आणि तिथून बसने बोरगाव. बगीच्यात तोडणी चालू होती. रात्री जेवणं झाल्यावर भाच्याने विषय काढला. दाजी माळकरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हिशेबाचा कागदही चष्मा लावून वाचला. सोळाशेच्या आकड्याला त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "नाव आलं तं आलं, थेबी दारूच्या शिशीवर?"

कुणी काही बोललं नाही. दाजींचे धाकटे भाऊ दारूपायी गेले, त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा पोरगं शाळेत होतं. काकांना रात्री घरी आणायला कंदील घेऊन तोच जायचा. त्यामुळे बाप जुन्या वळणाचा आणि मुलगा नव्या, असं सरळ काही म्हणता येत नाही. दोघांनीही तेच बघितलं आहे. भाच्याचं म्हणणं, की दोनशे रुपयांची पावशेर आणि तीन हजारांची बाटली यांचं गिऱ्हाईक एक नाही. दाजींचं म्हणणं, की गिऱ्हाईक वेगळं, पण घरी वाट बघणारी माणसं सारखीच.

मी इंग्रजी इतिहासात वाचलेलं सांगितलं. अठराव्या शतकात लंडनच्या गरीब वस्त्यांत स्वस्त जिनने असा कहर केला होता, की १७५१ मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला आणि त्याच वर्षी होगार्थ या चित्रकाराने जिनच्या गल्लीचं ते भयंकर चित्र काढलं, ज्यात झिंगलेल्या आईच्या हातून मूल पडतं आहे. जिनला आज जो टापटीप, सुवासिक मान आहे तो तिला फार उशिरा मिळाला. दाजी म्हणाले, "मंग माझं काय चुकलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या रात्री दोघांचंही पटत होतं, आणि आजही तसंच आहे. गावाचं नाव कुठे तरी छापून यावं ही ओढ मला समजते. पण ते कुठे छापून येतं याने फरक पडतो, हेही माझ्या शिक्षकी डोक्यातून जात नाही.

सकाळी दाजी आम्हाला बागेच्या बांधाकडे घेऊन गेले. संत्र्याचं कलम बांधतात ते जंबेरीच्या खुंटावर. कधी वरचं कलम मरतं आणि खालची जंबेरी फोफावते. खडबडीत सालीचं, आंबटढाण, बियांनी भरलेलं पिवळं लिंबू. रोपवाटिकेवाले बियांसाठी नेतात, बाकी कुणी ढुंकून बघत नाही. बांधावर अशी तीन झाडं लगडली होती. भाच्याने एक फळ नखाने खरवडलं, नाकाला लावलं आणि पुढे बराच वेळ तो त्या झाडापाशीच होता. साल जाड, तेल भरपूर आणि वास संत्र्याहून कितीतरी तिखट.

"हे ने," दाजी म्हणाले. "संत्र्याले हात नको लावू. थे देवाच्या परडीत जाते. जंबेरी कोणी देवाले वाहात नाही."

"आणि नाव, बाबा?"

"नाव जंबेरीचं टाक. गावाचं नको."

ताईने विळीवर बसून दोन दिवस साली काढल्या, मी पांढरा भाग खरवडला, अंगणात खाटेवर त्या वाळल्या. साडेतीन किलो भरल्या. भाचा त्या गोव्याला घेऊन गेला. तिथे त्याच्या वरिष्ठांनी लहान भांड्यात चाचणी करायला परवानगी दिली आहे. संत्र्यांच्या साली मी इकडे आणल्या. सासूबाईंनी निम्म्यांचं गोज्जू केलं, आणि दाजींना आवडेल म्हणून एक बरणी नागपूरला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवली. त्यांचा फोन आला, कडू आहे म्हणाले, पण बरणी संपली आहे आणि ताईने कृती विचारली आहे.